कसोटीला देल्फाचा दंड

वाल्देमार सिल्वेइराला चाळीस वर्षं लटलट कापण्याबद्दल टाळ्या मिळत आल्या होत्या, आणि आता न कापता पाच मिनिटं बसून दाखवा म्हणून डॉक्टरीणबाई त्याच्या मागे लागल्या होत्या.

फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, मोंतेविदेओत ‘शामादास’ नावाची ढोलांची मिरवणूक निघते तेव्हा पालेर्मो मोहल्ल्याच्या ‘ला काचिम्बा’ फडाच्या ढोलांपुढे दोन सोंगं चालतात. एक छत्री आणि पंखा मिरवणारी थोरली आई, आणि दुसरा वैद्यबुवा: काळा लांब कोट, उंच टोपी, कापसाची दाढी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाडपाल्याची पेटी. वैद्यबुवा इतका जख्ख म्हातारा, की नखशिखान्त थरथरत असतो; पण थोरली आई कंबर लचकवत जवळ आली, की त्याच्या अंगात वारं शिरतं आणि तो काठी विसरून तिच्यामागे लागतो. वैद्यबुवा म्हणजे वाल्देमार आणि थोरली आई म्हणजे त्याची बायको देल्फा. एकोणपन्नास वर्षांचा संसार, त्यातली चाळीस वर्षं भर रस्त्यात, सगळ्या मोंतेविदेओच्या साक्षीने.

गेल्या वर्षी फडातला एक बाहत्तर वर्षांचा निशाणवाला चक्कर येऊन थेट परीक्षकांच्या टेबलावर पडला. परीक्षकांचं सरबत सांडलं, गुण कापले गेले, आणि फडाच्या म्होरक्याने नियम काढला: सत्तरीच्या पुढच्या नाचणाऱ्या पुरुषांनी डॉक्टरची सही आणायची. पुरुषांनीच का, असं कोणी विचारलं नाही, कारण देल्फा एकाहत्तर वर्षांची आहे हे तिला सांगायची म्होरक्याची छाती नव्हती.

म्हणून वाल्देमार दवाखान्यात गेला आणि काखेतला थर्मास सावरत डॉक्टर उरुतियांच्या समोर बसला. डॉक्टरीणबाईंच्या काखेतही थर्मास होता, टेबलावर त्यांचा ‘माते’ या कडू चहाचा तुंबा होता, तेव्हा सगळं घरच्यासारखं होतं. त्यांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि ओठ मुडपले. तिथे रक्तदाब दहाने भागून सांगतात; एकशे साठला नुसतं सोळा.

“सोळा-साडेनऊ. जास्त आहे हो, काका.”

“तुम्हाला बघून वाढलं असेल.”

“असेलही. दवाखान्यात पुष्कळांचं वाढतं. म्हणून घरी मोजायचं. एक चांगलं मशीन आणा, दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. चौदाच्या आत आलं तर सही करते. नाही आलं, तर यंदाची मिरवणूक टीव्हीवर बघा.”

“टीव्हीवर?” वाल्देमार उठून उभा राहिला. “बाई, टीव्हीवर लोक मला बघतात!”

घरी येईपर्यंत त्याचं तोंड उतरलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला वर्षातून एका दिवसासाठी टोपी घालायला मिळते, बाकीचे दिवस तो नुसता निवृत्त गवंडी असतो. ती टोपी गेली तर उरलेल्या दिवसांचं करायचं काय, हे त्याला खरंच कळत नव्हतं. त्याला भीती वाटत होती.

बातमी पिंतोसला त्याच्याआधी कळली होती. पिंतोस भिंतीला भिंत लावून राहतो. बसमध्ये तिकिटं तपासून निवृत्त झालेला हा माणूस बावीस वर्षं पाण्याची बाटली घेऊन वैद्यबुवाच्या मागे चालतो. बुवाला काही झालंच तर आयत्या वेळी कोणीतरी हवं म्हणून. बावीस वर्षांत बुवाला साधी उचकीसुद्धा लागली नव्हती. पिंतोसने स्वतःची कापसाची दाढी करून बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे आणि दर उन्हाळ्यात तो ती दोरीवर उन्हाला घालतो, हे देल्फाने गच्चीवरून पाहिलं होतं.

“नवीन कशाला घेता? माझं वापरा,” पिंतोस हसतमुखाने म्हणाला आणि मनगटावर बांधायची एक डबी पुढे केली. “शेजारी कशासाठी असतात?”

“कशासाठी असतात ते मला चांगलं ठाऊक आहे,” वाल्देमार म्हणाला, पण उजव्या हातातला तुंबा खाली ठेवून त्याने डावं मनगट पुढे केलं.

डबी गुरगुरली. पडद्यावर आकडा आला आणि देल्फाने तोंडावर हात घेतला.

“एकशे अठ्ठावन्न! अरे, माणसाचं बारा-आठ असतं! हा आता फुटणार!”

“वहिनी, मधे एक टिंब धरायचं,” पिंतोस म्हणाला. “पंधरा टिंब आठ.”

“कुठाय टिंब?”

“मनात धरायचं.”

“आजारी माणसाच्या मशीनवर मनातलं टिंब?” देल्फा आत गेली, नखांच्या लाल रंगाची बाटली घेऊन आली आणि पिंतोसला ‘अहो’ म्हणायलाही अवधी न देता तिने पडद्यावरच्या तिन्ही ओळींत नीट, गोल, सुबक टिंबं दिली. मग चष्मा वर करून वाचलं. “पंधरा टिंब आठ. हं. नऊ टिंब चार. हं. आणि नाडी...” तिचा आवाज चिरकला. “सात टिंब चार! मिनिटाला सात ठोके!”

वाल्देमार पलंगावर आडवा झाला. त्याने टोपी संग्रहालयाला, काठी देल्फाला आणि पिंतोसला काहीही नाही, अशी वाटणी सांगायला सुरुवात केली.

“खालच्या ओळीला टिंब नसतं हो, वहिनी!” पिंतोस रडकुंडीला आला. “चौऱ्याहत्तर आहे ती! आणि हा रंग आता निघणार कसा?”

रंग निघाला नाही. वाल्देमार मात्र उठला आणि त्याला एक युक्ती सुचली, जिचा पुढे त्याला फार पश्चात्ताप झाला. मशीन खरं की खोटं हे बघायचं असेल, तर ते आधी निरोगी माणसाला लावून बघावं. घरात निरोगी माणूस एकच होतं. देल्फाला उभ्या जन्मात सर्दी झालेली कोणी पाहिली नव्हती. तीन बाळंतपणांनंतर तिसऱ्या दिवशी ती धुण्याला लागली होती. दवाखान्यात ती जायची ती नवऱ्याला पोहोचवायला. तिचा आकडा बरोबर आला तर मशीन बरोबर.

देल्फाने हात पुढे केला. सतरा टिंब एक.

“बस्स,” वाल्देमारच्या अंगात एकदम जीव आला. “मशीन बाद! हिला सतरा दाखवणारं मशीन! पिंतोस, तू यात काहीतरी भरलंयस.”

“त्या एवढ्याशा डबीत मी काय भरणार?”

“मला काय ठाऊक? बावीस वर्षं विचार करत होतास.”

पिंतोस लाल टिंबांची डबी छातीशी धरून निघून गेला.

रविवारच्या जुन्या बाजारात दुसरं मशीन मिळालं. हे दंडाला बांधायचं होतं, जवळजवळ नवं होतं, आणि विकणाऱ्याने सांगितलं की ते स्पेनहून आलंय आणि अंध लोकांसाठी बोलतं. चष्मा शोधायचा त्रास वाचेल म्हणून दोघांनाही ते पसंत पडलं. उकाडा असल्याने खिडक्या सताड उघड्या होत्या. वाल्देमार थर्मास सांभाळत खुर्चीवर बसला, देल्फाने कळ दाबली, आणि खोलीत एका ताठ मानेच्या बाईचा आवाज घुमला.

“सुस्वागतम्. मापनास आरंभ होत आहे. कृपया निश्चल राहावे.”

निश्चल राहायचं म्हटल्याबरोबर वाल्देमारचे हात कापायला लागले. चाळीस वर्षांची सवय. लोक बघताहेत असं वाटलं, की त्याचे हात आपोआप नाटकाला लागत.

“आपण हालचाल करीत आहात. मापन रद्द करण्यात येत आहे.”

“मी कुठे हाललो?”

“आपण बोलत आहात. कृपया मौन पाळावे.”

“तू आधी बोललीस!”

“आपण बोलत आहात.”

“देल्फा, हिला गप्प कर, नाहीतर माझं अजून वाढेल!”

चौथ्या खेपेला बाईंनी निकाल दिला. “आपला रक्तदाब एकशे एकसष्ट. आपला रक्तदाब उच्च आहे. आपण विनाविलंब आपल्या वैद्यांची भेट घ्यावी.”

“अगं, वैद्य मीच आहे!” वाल्देमार ओरडला.

भिंतीपलीकडून पिंतोसचा गोड आवाज आला. “किती म्हणाली हो?”

“तेरा!”

“मला सोळा ऐकू आलं.”

समोरच्या घरातली, वरच्या मजल्यावरची आणि कोपऱ्यावर भाजी विकणारी, अशा तिघींनी आपल्यालाही सोळाच ऐकू आल्याची ग्वाही दिली. आता मशीनची अब्रू काढल्याशिवाय इलाज नव्हता. देल्फाने पदर खोचावा तसा बाहीचा काठ वर खोचला आणि दंड पुढे केला. तिने मशीनला एकदाही टोकायची संधी दिली नाही. डोळे रोखून गप्प बसली.

“आपला रक्तदाब एकशे चौऱ्याहत्तर. आपला रक्तदाब अति उच्च आहे.”

“मला?” देल्फा म्हणाली. “माझ्याच घरात बसून मला?”

“मशीन बाद!” वाल्देमारने आनंदाने मांडीवर थाप मारली. त्याचे सोळा आपोआप खोटे ठरले होते. मशीन रजईत गुंडाळून ट्रंकेत टाकलं. दोन दिवस ते आतून अधूनमधून ‘विद्युतघट क्षीण झाला आहे’ असं सांगत राहिलं, मग शांत झालं.

वही मात्र कोरीच होती. मिरवणुकीला नऊ दिवस उरले. म्होरक्या रस्त्यात भेटला तेव्हा त्याने वाल्देमारची चौकशी केली आणि नंतर पिंतोसच्या कोटाचं माप विचारलं. त्या रात्री वाल्देमार जेवला नाही.

शेवटी दोघं औषधाच्या दुकानात गेली. तिथे यामिलेत नावाची बाई होती. तिला क्युबाहून येऊन तीन वर्षं झाली होती, पण अजून गिऱ्हाइकाला ती ‘सोन्या’ म्हणायची, मग ते गिऱ्हाईक शाळकरी असो की पणजोबा.

“मनगटाचं नको, सोन्या. हात जरा खालीवर झाला की आकडा चुकतो. बोलणारंही नको, तू भांडतोस. हे घे: दंडाचं, मोठे आकडे, मागचे आकडे स्वतःच लक्षात ठेवतं. पट्टा बघू. तुझा दंड गवंड्याचा आहे, तुला मोठा लागेल. लहान पट्टा आवळून बांधला तरी खोटं वाढतं.”

“आणि टिंब?” देल्फाने विचारलं.

“टिंब आपापलं आणायचं, आई.”

एवढ्या विचारपूर्वक निवडलेल्या मशीनने घरी गेल्यावर वाल्देमारला एकशे एकोणसाठ दाखवले. मग शिरस्त्याप्रमाणे देल्फा. एकशे बहात्तर. चार दिवस दोघांनी सकाळ-संध्याकाळ मोजलं. आकडे हट्टाला पेटल्यासारखे जागचे हलेनात. मंगळवारी सकाळी वाल्देमार मशीन पिशवीत घालून दुकानात परत गेला. मिरवणूक शुक्रवारी होती. देल्फा सोबत होती, कारण पुरावा म्हणून तिचा दंड लागणार होता.

“परत घ्या. हेही खोटं बोलतं.”

यामिलेतने पिशवीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “या महिन्यात परत आलेलं हे सातवं! सगळ्यांची एकच रड, जास्त दाखवतं. तिकडे क्युबात, हवानाला, माझ्याकडे एकसुद्धा परत यायचं नाही. तुम्ही लोक घरी करता तरी काय? बस इथे, सोन्या. घरी बसतोस अगदी तसा बस आणि मला करून दाखव.”

वाल्देमार स्टुलावर बसला, डावा हात काउंटरवर ठेवला, स्वतःच पट्टा बांधला आणि तिच्याकडे बघितलं. यामिलेतने कळ दाबण्यासाठी बोट पुढे केलं आणि ते तसंच हवेत राहिलं.

“हे काय आहे?”

“कुठे?”

“तुझ्या काखेत.”

वाल्देमारने काखेत पाहिलं. “काही नाही.”

“सोन्या, काखेत थर्मास आहे.”

“हां, थर्मास आहे. तेच म्हटलं, काही नाही.”

“लिटरभर उकळतं पाणी काखेत आवळून धरलंयस आणि त्याच हाताचं प्रेशर मोजतोयस?”

“मग कुठल्या हाताचं मोजू?” वाल्देमार चिडला. “उजव्यात तुंबा आहे ना!”

यामिलेतने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते तिच्या नाकातून बाहेर पडलं. “आणि मोजायच्या आधी काही पितोस का?”

“छे.”

“तुंब्यातलं?”

“ते पिणं नव्हे. ते माते.”

रांगेत मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. एक शिक्षिका, एक पोलीस, एक टॅक्सीवाला आणि एक वकील. चौघांनी एकमेकांकडे न बघता आपापले थर्मास काखेतून काढून हळूच काउंटरवर ठेवले.

वाल्देमारचा थर्मास काढणं सोपं नव्हतं. तो काढल्यावर त्याचा डावा हात बाजूला अधांतरी राहिला आणि त्याला काय करायचं ते सुचेना. यामिलेतने त्याला अर्धा तास कोपऱ्यात बसवला, तुंबा जप्त केला, पाय जमिनीवर टेकवले, पाठ टेकवली, बोलू दिलं नाही. मग मोजलं. एकशे बत्तीस. पुन्हा मोजलं. एकशे एकतीस. परत थर्मास काखेत दिला: एकशे अठ्ठावन्न. काढला: एकशे बत्तीस.

“तेरा!” वाल्देमार स्टुलावरून उठला आणि त्याने यामिलेतचे दोन्ही हात धरून मुके घेतले. “तेरा टिंब दोन! देल्फा, ऐकलंस का? मी नाचणार!” आणि तिथेच, खोकल्याच्या बाटल्यांच्या फडताळापुढे, तो वैद्यबुवाच्या चालीने कापत कापत एक गिरकी घेऊन आला. वकिलाने टाळी वाजवून ताल धरला.

“थांब, थांब,” यामिलेत हसत म्हणाली. “आता आईचं बघू. ये गं, बस. थर्मास दे इकडे.”

“मी कुठे धरते थर्मास,” देल्फा म्हणाली. “घरात एकच आहे. तो याच्या काखेत असतो.”

यामिलेतचं हसू जरासं कमी झालं. तिने देल्फालाही पाठ टेकवून, पाय टेकवून, गप्प बसवलं. एकशे त्र्याहत्तर. पाच मिनिटांनी पुन्हा, एकशे चौऱ्याहत्तर. दुसऱ्या दंडाला, एकशे बहात्तर. यामिलेतने फडताळावरून दुसरं कोरं मशीन काढून लावलं. तेही तेच बोललं.

“मशीन बा...” वाल्देमारच्या तोंडून सवयीने अर्धंच निघालं.

पिंतोसची डबी खरं बोलत होती. स्पेनची बाई खरं बोलत होती. तीन मशीनं पंधरा दिवस त्याला एकच गोष्ट ओरडून सांगत होती, आणि त्याने प्रत्येक वेळी आनंदाने मांडीवर थाप मारली होती. वाल्देमारला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“मला काही होत नाही,” देल्फा बाही खाली ओढत म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “सकाळी खाली वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, एवढंच. मला वाटलं, नवा चष्मा लागत नाहीये.”

“कधीपासून?”

“नाताळापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुझ्या प्रेशरचं एवढं चाललेलं. एका घरात एका वेळी दोघं आजारी पडली तर बघायचं कोणी?”

त्याच दुपारी ती दोघं डॉक्टर उरुतियांकडे गेली. वाल्देमारने झालेला प्रकार सांगितला. डॉक्टरीणबाई लाल झाल्या, स्वतःचा थर्मास टेबलाखाली ठेवला आणि मगच देल्फाच्या दंडाला पट्टा बांधला. छाती तपासली, डोळे तपासले, गोळ्या लिहून दिल्या. वेळेवर कळलं, म्हणाल्या. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, तीन आठवड्यांनी या. आणि तोवर नाच अजिबात नाही. मग त्यांनी वाल्देमारचं पुन्हा मोजून त्याच्या कागदावर सही केली.

ज्या कागदासाठी त्याने रविवारचा बाजार पालथा घातला होता, तो कागद वाल्देमारने घडी न घालता खिशात कोंबला.

“मीही नाही नाचणार,” घराचं दार लावता लावता तो म्हणाला.

“मूर्ख आहेस.”

“वैद्यबुवा नाचतो कोणासाठी? थोरल्या आईसाठी. ती नसली तर मी कोण? रस्त्यात एकटाच कापत उभा राहिलेला म्हातारा! लोक दवाखान्याची गाडी बोलावतील.”

“दुसरी कोणीतरी उभी राहील. ती ग्लादिस किती वर्षं टपून बसली आहे...” देल्फा थांबली. ग्लादिसच्या हातात आपली छत्री तिला डोळ्यांपुढे दिसली असावी. “नाही. ग्लादिस नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही.” आणि मग पलंगावर बसून ती रडायला लागली. देल्फाला रडताना बघायची वाल्देमारला सवय नव्हती. तो शेजारी बसला, तिचा हात हातात घेतला आणि त्याला रडू आवरेना.

तेवढ्यात दार वाजलं. पिंतोस उभा होता. अंघोळ करून, केस विंचरून, हातात बिस्किटांचा डबा. आतून रडण्याचा आवाज त्याने भिंतीपलीकडून ऐकला होता आणि त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला होता.

“वाईट वाटलं,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “पण फडाची गरज असेल तर मी तयार आहे. दाढी धुतलेली आहे.”

“माझी सही झालीय,” वाल्देमार नाक पुसत म्हणाला. “आजारी देल्फा आहे.”

पिंतोसचा चेहरा पडला, पण खोटेपणाने नाही. तो डबा खाली ठेवून आत आला. “वहिनी? त्यांना काय झालं? त्यांना कधी काही होतं का?” आणि त्याचेही डोळे भरून आले. देल्फाला काही होतच नाही असं धरून चालायची वाल्देमारची चूक सगळी गल्ली वर्षानुवर्षं करत आली होती.

देल्फाने डोळे पुसले. पिंतोसला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा खालपासून वरपर्यंत.

“पिंतोस, तुमची कंबर किती?”

“माझी? का?”

“बावीस वर्षं याच्या मागे चालताय म्हणजे बावीस वर्षं माझ्याकडेच बघत चालताय. माझी पावलं येतात की नाही?”

“येतात,” पिंतोस अगदी हळू म्हणाला, आणि ती कशी येतात हे कोणी विचारू नये म्हणून जमिनीकडे बघत राहिला.

शुक्रवारी सगळ्या फडांच्या आधी निघायचा नंबर ‘ला काचिम्बा’ला मिळाला होता, त्यामुळे उन्हं पुरती उतरायच्या आत ढोल निघाले. इस्ला दे फ्लोरेस रस्त्याच्या दुतर्फा खुर्च्या होत्या, गच्च्या भरलेल्या होत्या. आणि पिंतोस नाचला. घेरदार झगा, डोक्याला फडकं, छातीत दोन उशा, एका हातात छत्री, दुसऱ्यात पंखा. त्याने कंबर अशी काही हलवली, की तिकीट तपासण्यात या माणसाचं आयुष्य फुकट गेलं, असं पुढच्या रांगेतल्या बायका मोठ्याने बोलू लागल्या. फुलं त्याच्यावर पडत होती, शिट्ट्या त्याला पडत होत्या. वाल्देमार कापत होता, दाढी झटकत होता, पेटी उघडून झाडपाला दाखवत होता, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

“जरा कमी कर की,” तो दाढीआडून पुटपुटला.

“बावीस वर्षं, वाल्देमार,” पिंतोस पंख्याआडून म्हणाला आणि अजून एक गिरकी घेतली.

तिसऱ्या कोपऱ्यावर देल्फा बसली होती. खुर्चीत, सावलीत, शेजारी दुकान लवकर बंद करून आलेली यामिलेत. देल्फाने ओठ रंगवले होते. तिचे पाय खाली ताल धरत होते आणि यामिलेतने तिच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला होता. वाल्देमारला ती दिसली आणि त्याचे हात कापायला लागले. या वेळी तो कापवत नव्हता. थांबवूनही ते थांबेनात.

त्याने पिंतोसला भर रस्त्यात तसाच सोडला आणि तो खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला. पिंतोस एकटाच दोन गिरक्या पुढे गेला, मग मागे वळला. मागचे साठ ढोल जागच्या जागी वाजू लागले. म्होरक्याची शिट्टी कर्कश वाजली.

“अरे, काय करतोस?” देल्फा कुजबुजली. “वेळ मोजतात! परीक्षक बघताहेत! पुढे हो!”

वाल्देमारने काठी खाली टाकली, पेटी बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर बसून तिचं मनगट हातात घेतलं.

“पुढे कुठे होऊ?” तो म्हणाला. “वैद्याचं सोंग घेऊन चाळीस वर्षं फिरतोय. माझा रोगी इथे बसलाय.”

देल्फाने आजूबाजूला पाहिलं. सगळा रस्ता तिच्याकडे बघत होता. तिने मोकळ्या हाताने त्याची वाकडी झालेली दाढी नीट केली.

“रोगी गोळ्या घेतोय, मेल्या,” ती म्हणाली. “ऊठ आता. तुझे गुडघे दुखतील.”

ते दुखत होतेच. तरीही तिच्या मनगटावरचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजून होईपर्यंत तो उठला नाही, आणि तेवढा वेळ साठ ढोलांनी त्याच्यासाठी जागीच ताल धरला.